निविदेआधीचा कागद

मित्रहो, आपल्या नाशिकच्या अंबड-सातपूरच्या कारखान्यांची शेड असोत, जुन्या गृहनिर्माण संस्थांचा पुनर्विकास असो किंवा निफाड-दिंडोरीकडची द्राक्षांची पॅकहाउस असोत, बांधकामावरून वाद झाला की बोट बहुधा ठेकेदाराकडे दाखवले जाते. मला आज मालकाविषयी बोलायचे आहे. कारण निविदा निघण्यापूर्वी ‘आपल्याला नेमके काय हवे आहे’ हे लिहून देण्याचे काम त्याच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

पॅकहाउसचेच घ्या. ‘पन्नास बाय शंभरचे शेड आणि आत कोल्ड स्टोरेज’ एवढे सांगून मालक आर्किटेक्टकडे जातो. त्याला जे सांगायला हवे ते वेगळेच असते: ऐन हंगामात दिवसाला किती टन माल येणार, काढलेला घड किती तासांत प्रीकूलिंगला, म्हणजे साठवणीआधी झटपट थंड करायला, गेला पाहिजे, कंटेनर आवारात वळणार कसा, पॅकिंगला किती महिला कामगार बसणार आणि त्यांची स्वच्छतागृहे कोठे, वीज गेल्यावर जनरेटरवर काय काय चालू राहिले पाहिजे. जानेवारीत माल येणार असेल, तर यंत्रणा चाचणीसह डिसेंबरात तयार हवी, हेही त्याच कागदावर हवे. जागेची माहितीही मालकानेच द्यायची: काळ्या मातीचा थर किती खोल आहे, मुरूम कोठे लागतो, गोदावरी किंवा नासर्डीच्या काठची जमीन असेल तर निळी आणि लाल पूररेषा (नदीकाठच्या बांधकामावर निर्बंध आणणाऱ्या रेषा) कोठून जाते. चाचणी खड्ड्यांचा खर्च टाळला, की पायाच्या खोदाईत तो कितीतरी वाढून समोर येतो.

ठेक्याचा प्रकार या कागदावरून ठरला पाहिजे. आपल्याकडे मात्र तो सवयीने ठरतो. गरज पक्की आणि नकाशे पूर्ण असतील तर एकरकमी ठेका, म्हणजे पूर्ण कामाची एकच ठरलेली रक्कम, योग्य. परिमाणे बदलण्याची शक्यता असेल तर बाबवार दराचा ठेका बरा, कारण त्यात प्रत्यक्ष मोजमापाप्रमाणे बिल निघते. आराखड्यासह सगळे काम ठेकेदाराकडे द्यायचे असेल, तर त्याला बांधून ठेवणारा मुख्य आधार म्हणजे मालकाची लेखी अपेक्षा. ती मोघम असेल तर तो सर्वांत स्वस्त पर्याय निवडील आणि त्यात त्याची चूकही नसेल. कार्यादेश निघाल्यानंतर सुचलेल्या प्रत्येक गोष्टीची ‘एक्स्ट्रा आयटम’, म्हणजे ठेक्याबाहेरची जादा बाब, होते, आणि तिचा दर ठरतो तेव्हा स्पर्धा संपलेली असते, समोर एकच ठेकेदार उरलेला असतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारून वाचवलेले पैसे इथेच परत जातात. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ठरावीक सार्वजनिक कामांत निविदा निवडताना दराबरोबर गुणवत्तेलाही कमाल ३० टक्के भारांक देण्याची मुभा दिली. पण आधी लिहून न ठेवलेल्या गुणवत्तेला गुण तरी कशाच्या आधारे देणार?

सिडनीच्या ऑपेरा हाउसचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. नकाशे पूर्ण नसताना १९५९ मध्ये काम सुरू झाले. मोठे सभागृह संगीतसभा आणि ऑपेरा या दोन्हींसाठी योजलेले होते. बांधकाम बरेच पुढे गेल्यावर ते केवळ संगीतसभांसाठी ठेवण्याचे ठरले आणि त्यात बसवलेली रंगमंचाची यंत्रसामग्री काढून टाकावी लागली. ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज १०.२ कोटींवर गेला आणि इमारत १९७३ मध्ये खुली झाली. छताच्या अवघड रचनेसह कारणे अनेक होती. तरी वापराचा निर्णय इतका उशिरा होणे ही मालकाचीच जबाबदारी होती.

आपल्या गृहनिर्माण संस्थांत हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो, कारण तिथे मालक म्हणजे एक माणूस नसून सारे सभासद असतात आणि प्रत्येक जण साइटवर जाऊन मिस्त्रीला काहीतरी सांगतो. म्हणून सर्वसाधारण सभेत ठराव करून एकाच व्यक्तीला अधिकार द्यावा, बाकीच्यांनी सूचना तिच्याकडे लेखी द्याव्यात, खर्च आणि मुदत किती वाढेल याचे उत्तर आर्किटेक्टकडून आल्याखेरीज तिने बदलाला मंजुरी देऊ नये, आणि साइट ऑर्डर बुकात (साइटवरच्या लेखी सूचनांच्या वहीत) संस्थेच्या वतीने तिचीच सही ग्राह्य धरली जाईल, ही अट निविदेतच छापावी.