लायडनची विष्ठापेढी

[दृश्य: प्रयोगशाळेचं टेबल, पांढरा डबा]

या डब्यात एका निरोगी माणसाची विष्ठा आहे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या रुग्णालयातली ही विष्ठापेढी. रुग्णांच्या आतड्यात सोडण्यासाठी निरोगी दात्यांची विष्ठा इथे साठवतात. दाता होणं इथे मोठं कठीण. वय, वजन, अलीकडचा प्रवास, घेतलेली अँटिबायोटिक्स, सगळ्याची चौकशी होते. मग रक्ताच्या आणि विष्ठेच्या तपासण्या. शंभर इच्छुकांतून जेमतेम दोन-तीन उरतात. त्या दोन-तिघांचे उपकार फार मोठे आहेत.

[दृश्य: खल, चाळणी, जवळून]

साधारण ६० ग्रॅम विष्ठा खलात घ्यायची, सलाइन घालत घोटायची, चाळणीतून गाळायची. न पचलेले तंतू वर राहतात. खाली उतरतं ते गढूळ, चहाच्या रंगाचं पाणी. त्याच्या एका थेंबात कोट्यवधी जिवंत जंतू असतात. यांतल्या कित्येक जातींना हवा सोसत नाही, म्हणून हात भराभर चालतात. गोठताना पेशी फुटू नयेत यासाठी ग्लिसरॉल मिसळायचं, बाटली बंद करायची, वर सांकेतिक क्रमांक.

[दृश्य: फ्रीझर उघडतो]

उणे ८० अंश.

[दृश्य: वॉर्ड, नाकातून नळी घातलेली रुग्ण]

अँटिबायोटिक्सनी आतड्यातले नेहमीचे जंतू मारले, की सी. डिफिसिल या जिवाणूला मोकळं रान मिळतं. जुलाब थांबत नाहीत. औषधाने जिवाणू मरतो, त्याचे बीजाणू, म्हणजे कवचात सुप्त राहणारी रूपं, मात्र तगून राहतात आणि दुखणं उलटतं. निरोगी आतड्यातले जंतू पित्तातल्या आम्लांचं रूप बदलतात. त्या बदललेल्या आम्लांपुढे सी. डिफिसिलची वाढ खुंटते. ते हरवलेले जंतू या नळीतून परत पाठवले जात आहेत.

कल्पना जुनी आहे. चौथ्या शतकात चीनमध्ये गे हाँग यांनी विष्ठेचं औषध लिहून ठेवलं. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला शल्यचिकित्सक बेन आयझमन यांनी चार अत्यवस्थ रुग्णांना विष्ठेचा एनिमा दिला. तरीही किळस आडवी येत राहिली, आणि पक्का पुरावा मिळायला २०१३ उजाडलं. ॲमस्टरडॅमच्या चाचणीत विष्ठा दिलेल्या सी. डिफिसिलच्या १६ पैकी १३ रुग्ण पहिल्याच खेपेत बरे झाले, आणखी दोघे दुसऱ्या खेपेत. नुसतं व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक दिलेल्या १३ जणांत बरे झाले चार. फरक इतका मोठा होता, की चाचणी मुदतीआधीच थांबवली.

२०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून औषधांना न जुमानणारा ई. कोलाय हा जिवाणू रुग्णांत गेला आणि एक रुग्ण दगावला. त्यानंतर तपासण्या कडक झाल्या.

[दृश्य: कॅप्सूल, तळहातावर]

इस्रायलमध्ये त्वचेच्या कर्करोगाच्या १० रुग्णांना, इम्युनोथेरपी (प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) लागू पडत नसताना, ती लागू पडलेल्यांची विष्ठा दिली गेली. पुन्हा सुरू केलेल्या उपचाराला तिघांनी प्रतिसाद दिला. सी. डिफिसिलसाठी अमेरिकेत २०२३ पासून कॅप्सूलही मिळते. तिच्यातले उपयोगी जंतूंचे बीजाणूसुद्धा दात्यांच्या विष्ठेतूनच वेगळे काढलेले असतात.