वाढवायला दिलेली लेक

(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[दृश्य: पत्र्याची पेटी उघडते. हात, कापडाची घडी, फोटो.]

या पेटीत तीन फोटो आहेत. पांढऱ्या सुती ओढणीच्या, म्हणजे इथल्या नेतेलाच्या, घडीत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ते जपून ठेवले आहेत. पहिल्या फोटोत लाल जाकीट घातलेली एक मुलगी बर्फात उभी आहे. दुसऱ्यात ती शाळेच्या पिवळ्या बसजवळ आहे. तिसऱ्यात ती हसते आहे आणि तिचे पुढचे दोन दात पडलेले दिसतात. फोटो हातात धरून बसलेली बाई या मुलीची आई आहे. अमेरिकेच्या दप्तरात ही मुलगी अनाथ म्हणून नोंदलेली आहे.

[दृश्य: रस्ता. बाभळीसारखी झाडे, घोडागाड्या, निळ्या रिक्षा.]

इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा, तिथून दक्षिणेला सुमारे अडीचशे किलोमीटरवर शाशेमेने हे गाव लागते. वाटेत दिसणाऱ्या घोडागाडीला इथे 'गारी' म्हणतात आणि तीनचाकी रिक्षेला सरळ 'बजाज' म्हणतात, त्यामुळे मराठी कानाला हा प्रदेश फारसा परका वाटत नाही. या बाईचे घर इथून जवळच्या एका खेड्यात आहे. तिचे आणि खेड्याचे नाव आम्ही सांगणार नाही, कारण तिची मुलगी आता सज्ञान आहे आणि ही हकिगत जितकी आईची आहे तितकीच त्या मुलीचीही आहे.

[दृश्य: घराच्या ओट्यावर बाई बोलते आहे. तिचा आवाज, मराठी अक्षरे खाली.]

नवरा आजारपणात गेला तेव्हा तिच्या पदरात तीन मुले होती आणि ही मुलगी त्यांतली धाकटी. गावात येणाऱ्या एका माणसाने तिला सांगितले की परदेशातले एक कुटुंब मुलीला वाढवील, शिकवील, तिची खबर दर वर्षी येईल आणि मोठी झाली की मुलगी घरी येऊन-जाऊन राहील. त्याने वापरलेला शब्द होता 'गुद्दिफच्चा'. तो शब्द तिला परका नव्हता, तिच्या आजोळी तशी माणसे होती. म्हणून तिने अंगठा दिला.

या शब्दापाशी थोडे थांबायला हवे, कारण पुढचे सगळे त्यात आहे. 'गुद्दिफच्चा' हा ओरोमो भाषेतला शब्द असून त्याचे मूळ 'वाढवणे' या क्रियापदात आहे. ओरोमो समाजात मूल नसलेले, आणि पुष्कळदा असलेलेही, दांपत्य दुसऱ्याचे मूल आपले म्हणून वाढवते. त्या मुलाला पोटच्या मुलाइतकाच मान आणि वाटा मिळतो. पण जन्मदात्या घराशी असलेले त्याचे नाते तुटत नाही, उलट दोन घरे त्या मुलामुळे एकमेकांची होतात. राजधानीतल्या अम्हारिक भाषेने हाच शब्द 'गुदिफेचा' म्हणून उचलला आणि दत्तकाच्या सरकारी कागदांवरही तोच आला. आपला 'दत्तक' हा शब्द 'दिलेला' या अर्थाचा आहे. घेणाऱ्या घराचा वंश चालावा यासाठी दिलेला मुलगा असा त्याचा रोख होता आणि दोन्ही घरांचा वारस राहणारा 'द्व्यामुष्यायण' हा धर्मशास्त्रात अपवाद मानला गेला. ओरोमो समाजात तो अपवाद नसून रिवाज आहे.

इथिओपियाच्या २०००च्या कुटुंब कायद्यानेही हा रिवाज पाळला होता. दत्तक मूल हे दत्तक घेणाऱ्याचे अपत्य समजले जाईल, मात्र मूळ कुटुंबाशी असलेले त्याचे बंध कायम राहतील, असे तो कायदा सांगतो. दत्तक घेणारा मुलाला गुलामासारखे वागवत असेल तर दत्तविधान रद्द करण्याची सोयही त्यात आहे. अमेरिकेचा कायदा मात्र वेगळे मागत होता. जिवंत असलेल्या एकट्या पालकाचे मूल 'अनाथ' ठरवून त्याला व्हिसा द्यायचा, तर तो पालक मुलाला सांभाळायला असमर्थ असला पाहिजे आणि त्याने मुलावरचा हक्क लेखी व कायमचा सोडलेला असला पाहिजे. म्हणजे एकाच मुलीसाठी आईने दिलेल्या संमतीचा अर्थ इथे 'नाते राहील' असा होता आणि समुद्रापलीकडे 'नाते संपले' असा झाला. हे कोणी कोणाला समजावून सांगितले नाही. माझ्या मते मूळ अन्याय इथेच झाला. लबाडी आणि पैसा हे त्यानंतर आले.

[दृश्य: अदिस अबाबा, लिदेता भागातील न्यायालयाची इमारत, बाहेरून. पायऱ्या. दोरीने बांधलेल्या फायली.]

आता ती फाइल कशी तयार होत असे ते पाहू.

सुरुवात होई केबेलेमध्ये, म्हणजे वस्तीच्या सर्वांत खालच्या सरकारी कार्यालयात. तिथे तीन साक्षीदारांच्या समोर किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सांगण्यावरून मुलाची कौटुंबिक स्थिती लिहिली जाई: वडील मयत, आई गरीब, नातेवाईक असमर्थ. वर वोरेदा, म्हणजे तालुक्यासारखे कार्यालय, त्यावर शिक्का देई. मग मूल एखाद्या अनाथालयाच्या ताब्यात जाई आणि त्या अनाथालयाचा परदेशी दत्तक संस्थेशी करार असे. जन्मदाखला तोवर बहुतेक नसेच, कारण जन्म-मृत्यूची देशव्यापी नोंदणी इथे २०१६मध्ये सुरू झाली. तेव्हा दाखला फाइलसाठी म्हणून नव्याने तयार होई. इथिओपियाचे वर्ष तेरा महिन्यांचे असते, ते सप्टेंबरमध्ये सुरू होते आणि आपल्या वापरातल्या सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे चालते. कुठल्या सणाच्या सुमारास मूल झाले एवढेच आईला आठवत असेल, तर कारकुनाने त्यावरून काढलेली तारीख ही अंदाजाचे रूपांतरच असे. तीच तारीख पुढे पासपोर्टवर जाई.

यानंतर महिला व बालकविषयक मंत्रालयाचे अभिप्रायपत्र लागे. या मुलाला इथिओपियात वाढवण्याचा मार्ग उरलेला नाही, हे मंत्रालयाने त्यात म्हणायचे असे. 'परदेशी दत्तक हा अखेरचा उपाय' असे आफ्रिकेच्या बालहक्क सनदेत १९९०मध्येच लिहिलेले आहे, आणि त्या तत्त्वाची खरी कसोटी या एका कागदावर होती. आजी आहे का, मावशी आहे का, गावात कोणी गुद्दिफच्चा करील का, हे विचारायला कोणीतरी त्या गावापर्यंत जायला हवे होते. मंत्रालयाकडे मात्र एकेका दिवशी चाळीस-पन्नास फायली निकालात निघत होत्या. त्या वेगात गावापर्यंत जाणे शक्यच नव्हते.

मग न्यायालय. आईला एकदा राजधानीत आणले जाई आणि न्यायाधीश तिला विचारत की तुझी संमती आहे का. आमच्या बाईला हा प्रसंग नीट आठवतो. बाकावर बसलेल्या सगळ्याजणी तिच्यासारख्याच होत्या, प्रश्न एकच होता आणि तिने 'हो' म्हटले. अम्हारिक तिला तुटक येत होती. शेवटी पासपोर्ट, दूतावास आणि विमान.

[दृश्य: बाई कोळशाच्या शेगडीवर कॉफी भाजते. निवेदन नाही, ३० सेकंद.]

ही यंत्रणा इतकी वेगाने का फिरू लागली, याचे कारण इथिओपियात कमी आणि बाहेर जास्त आहे. ग्वाटेमालाने २००८च्या सुमारास परदेशी दत्तकाची दारे लावली, चीन आणि रशियातून मुले मिळणे कठीण होत गेले, आणि मूल हवे असलेली कुटुंबे व त्यांच्यावर चालणाऱ्या संस्था नवा देश शोधू लागल्या. परदेशी दत्तकाचे नियम ठरवणाऱ्या १९९३च्या हेग दत्तक कराराचा इथिओपिया सदस्य नव्हता आणि तिथले काम तुलनेने लवकर होत असे. अमेरिकेने २००४मध्ये इथिओपियातून तीनशेहून कमी मुले नेली. २०१०मध्ये हा आकडा अडीच हजारांच्या वर गेला आणि चीनच्या खालोखाल इथिओपिया आला. एका दत्तकाचा खर्च वीस हजार डॉलरच्या पुढे जात होता, तर देशाचे दरडोई वार्षिक उत्पन्न चारशे डॉलरही नव्हते. त्या खर्चातला थोडासा हिस्सा अनाथालयापर्यंत आणि त्यातला चिमूटभर गावातल्या दलालापर्यंत पोहोचला, तरी मुले शोधत फिरणे हा धंदा होण्यास तेवढे पुरे होते.

'कोट्यवधी अनाथ' हा आकडाही या काळात सतत ऐकवला गेला. युनिसेफ एक पालक गमावलेल्या मुलालाही अनाथांत मोजते. तिच्या २०१५च्या अंदाजानुसार जगात सुमारे १४ कोटी अनाथ मुले होती आणि त्यांपैकी दोन्ही पालक गमावलेली दीड कोटींच्या आसपास होती. उरलेल्या मुलांना आई किंवा बाप आहे. आमच्या बाईच्या मुलीला आई होती, दोन भावंडे होती, चुलते होते.

दत्तक घेणाऱ्या दांपत्यांना दोष देण्यासाठी आम्ही हा माहितीपट केलेला नाही. त्यांतल्या बहुतेकांनी समोर आलेले कागद खरे मानले. कागद खोटे होते हे काही प्रकरणांत न्यायालयापुढे आले आहे. २०१४मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने दक्षिण कॅरोलायनातील एका दत्तक संस्थेच्या लोकांवर खटला भरला. मुलांना ज्या अनाथालयांनी कधी सांभाळलेच नव्हते, त्यांच्या सहीचे करार इथिओपियाच्या न्यायालयात आणि पुढे व्हिसासाठी सादर केल्याचा, तसेच इथिओपियातील अधिकाऱ्यांना लाच दिल्याचा आरोप त्यात होता.

इथिओपियाने मार्च २०११मध्ये मंत्रालयाची अभिप्रायपत्रे दिवसाला पाचावर आणली. त्याच वर्षी वॉशिंग्टन राज्यात इथिओपियाहून आणलेली एक किशोरवयीन मुलगी दत्तक घरात उपासमारीने आणि थंडीने मरण पावली. दत्तक आईबापांना शिक्षा झाली, पण तिचे वय ठरवण्यासाठी पुरलेला देह उकरावा लागला. एप्रिल २०१७मध्ये परदेशी दत्तके स्थगित झाली आणि जानेवारी २०१८मध्ये संसदेने ती कायद्याने बंद केली. ज्यांना खरोखर कोणीच नव्हते अशी मुलेही त्यामुळे संस्थांतच राहिली.

[दृश्य: पुन्हा घर. कॉफीचे लहान कप, धूप.]

आम्ही मराठी मंडळी इतक्या दूर का आलो, असे बाईने विचारले. पुण्या-मुंबईच्या संस्थांतूनही मुले युरोप-अमेरिकेत गेली आहेत, त्यांतली काही आता पन्नाशीला टेकली आहेत आणि हातात जुनी फाइल घेऊन आईचा शोध घेत येतात, असे आम्ही तिला सांगितले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाला परदेशी दत्तकासाठी १९८४मध्ये नियम घालून द्यावे लागले, ते अशाच तक्रारींमुळे. ते लोक आईला भेटतात का, एवढेच तिने विचारले. काहींची भेट होते, असे आम्ही म्हणालो.

इथे कॉफी तीनदा ओततात: अबोल, तोना आणि बेरेका. पाहुण्याने तिसऱ्या कपाआधी उठायचे नसते. दत्तक कुटुंबाने तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी, वर्षाने आणि मग दर वर्षी, मूल १८ वर्षांचे होईपर्यंत अहवाल व फोटो पाठवावेत अशी मंत्रालयाची अट होती. हे तीन फोटो त्या अहवालांतून तिच्यापर्यंत पोहोचले. चौथा आला नाही. तो मंत्रालयात अडला, संस्थेच्या बंद झालेल्या कार्यालयात राहिला की पाठवलाच गेला नाही, हे सांगू शकेल असा माणूस आता तिच्या ओळखीत नाही.

[दृश्य: तिसरा फोटो. बाई तो उलटा करून दुभाष्यापुढे धरते.]

तिसऱ्या फोटोच्या मागे काही इंग्रजी अक्षरे आहेत. मुलीने आपल्यासाठी काहीतरी लिहिले आहे असे ती इतकी वर्षे धरून चालली होती आणि वाचून घ्यायला माणूस शोधत होती. आमच्या दुभाष्याने ती वाचली. फोटो छापणाऱ्या दुकानाची खूण आहे आणि खाली महिना आहे.

[दृश्य: बाईचा चेहरा. निवेदन नाही. ती कोणता महिना ते विचारते, दुभाषी इथिओपियाच्या पंचांगाप्रमाणे सांगतो. ती फोटो पिशवीत ठेवते आणि तिसरा कप ओतते.]