नाव सांगणार नाही

(दृश्य: दगडी भिंत. भिंतीतून पुढे आलेली बाकं.)

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. या २० बाकांवर २० नावं कोरलेली आहेत. बाकी सगळ्यांच्या नावाखाली 'फाशी' आहे. एका बाकावर मात्र वेगळं लिहिलंय: जाइल्स कोरी, दाबून मारला. १९ सप्टेंबर १६९२.

त्या वर्षी गावातल्या काही मुलींना झटके यायला लागले आणि चेटकिणींचा शोध सुरू झाला. दीडशेच्या आसपास माणसं धरली गेली. पुरावा काय? "तिचं रूप रात्री येऊन मला चिमटे काढतं," एवढं पोरीनं सांगितलं तरी पुरे. चेटूक कबूल करून आणखी चार नावं दिली, तर जीव वाचायची आशा. 'मी काही केलेलं नाही' म्हणाल, तर दोर.

कोरी ऐंशीच्या घरातला शेतकरी. संत वगैरे मुळीच नव्हता. आधी स्वतःच्या बायकोविरुद्ध साक्ष देऊन बसलेला. पण स्वतःवर आळ आला तेव्हा त्यानं खटला चालवून घ्यायलाच नकार दिला. मग तो राजी व्हावा म्हणून त्याला उताणं पाडलं, अंगावर दगड रचत गेले. तो बधला नाही. तीन दिवसांनी त्याची बायको, मार्था, फासावर गेली.

(दृश्य: समितीचं सभागृह. मायक्रोफोन, टेबलावर पाण्याचा पेला.)

१९५० चं दशक. लोकप्रतिनिधींची एक समिती कम्युनिस्टांच्या मागावर. नाटक-सिनेमावाल्यांना बोलावून विचारायची: पक्षात होतात का? बरोबर कोण होतं? बरीचशी नावं समितीला आधीच ठाऊक असायची. ती तुमच्या तोंडून वदवून घ्यायची होती. १९५२ मध्ये दिग्दर्शक एलिया कझाननी आठ जुन्या सहकाऱ्यांची नावं दिली. त्यांचे मित्र, नाटककार आर्थर मिलर, त्याच सुमारास सेलममध्ये खटल्यांची जुनी कागदपत्रं चाळत होते. २२ जानेवारी १९५३ ला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्यांच्या याच खटल्यांवरच्या नाटकाचा, 'द क्रूसिबल'चा, पडदा उघडला.

मिलरनी इतिहास वाकवला. आरोप करणाऱ्या मुलींपैकी अकरा-बारा वर्षांच्या ॲबिगेलला सतराची केलं, फासावर गेलेल्या साठीच्या जॉन प्रॉक्टरला तरणाबांड, आणि दोघांचं लफडं जोडून दिलं. मला ते खटकतं. सगळं एका पोरीच्या सूडावर ढकललं की न्यायाधीश जरा स्वस्तात सुटतात.

पण कोरीचा प्रसंग बघा. नाटकात तो कोर्टाला सांगतो: शेजाऱ्याचा जमिनीवर डोळा आहे म्हणून हे आरोप; एका भल्या माणसानं मला हे सांगितलं. न्यायाधीश विचारतात, कोणी? कोरी गप्प. नाव घेतलं तर उद्या तो माणूस आत. न्यायाधीश बेअदबीबद्दल अटकेची भाषा करतात. उभं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेला तो म्हातारा उलट ऐकवतो: ही नुसती सुनावणी आहे, सुनावणीची कसली आलीय बेअदबी!

होते बेअदबी. जून १९५६ मध्ये मिलर स्वतः समितीपुढे बसले. स्वतःबद्दल बोलले. बैठकांना आणखी कोण होतं, ते मात्र सांगितलं नाही. १९५७ मध्ये संसदेच्या बेअदबीबद्दल दोषी ठरले, ५०० डॉलर दंड झाला. १९५८ मध्ये अपिलात निकाल फिरला.

(दृश्य: पुन्हा कोरीचं बाक. अक्षरांवर पाऊस.)

या बाकांचा आराखडा नोव्हेंबर १९९१ मध्ये लोकांपुढे मांडला गेला. मांडायला सेलमनं मिलरना बोलावलं होतं. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते.