फ्लायव्हीलचे बोल्ट : आवळण्यामागचा हिशेब

मित्रहो, गाडीचे मूळ फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाला फिरणारे जड चाक) काढून बाजारातले हलके फ्लायव्हील बसवायचे ठरले, की ते किती किलोचे आहे आणि इंजिनाचे फेरे किती चटकन चढतील यावर तासन्‌तास चर्चा होते. ते क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, धरून ठेवणाऱ्या सहा-आठ बोल्टांचा विषय मात्र गाडी रॅम्पवर चढल्यावरच निघतो. आज मला फक्त त्या बोल्टांविषयीच बोलायचे आहे.

बोल्ट हे खुंटीसारखे काम करतात, म्हणजे इंजिनाचा पीळ ते अंगावर आडवा झेलतात, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात बोल्ट ही एक ताठ स्प्रिंग आहे. आवळल्यावर तो ताणला जातो, मूळ लांबीवर येण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीने फ्लायव्हील क्रँकच्या फ्लँजवर (टोकाच्या सपाट चकतीवर) दाबून धरतो. पीळ पुढे जातो तो या दोन पृष्ठभागांमधल्या घर्षणातून. फ्लँजवरची डॉवेल पिन (बिनआट्यांची छोटी खुंटी) मुख्यतः जागा नेमकी ठरवण्यासाठी असते.

आकडे मांडून पाहू. एम-१० (१० मिमी) जाडीचा, १.२५ मिमी पिचचा (लगतच्या आट्यांमधल्या अंतराचा), १०.९ या ताकदीच्या प्रतीचा बोल्ट त्याच्या प्रूफ लोडच्या, म्हणजे कायमचा न लांबता पेलता येणाऱ्या भाराच्या, ७५ टक्क्यांपर्यंत ताणला, तर तो सुमारे ३८ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलो वजनाइतका दाब देतो. असे आठ बोल्ट ३५ मिमी त्रिज्येवर बसवले आणि घर्षणांक ०.१५ धरला, तर सांधा न घसरता सुमारे १,६०० न्यूटन-मीटर पीळ पेलतो. दोनशे न्यूटन-मीटरच्या इंजिनाला इतके कशाला, असे कोणी विचारील. पण क्लच झटक्याने सोडला की क्षणभर येणारा पीळ आणि क्रँकची पिळीची कंपने या सरासरी आकड्यात दिसत नाहीत.

आता खरी मेख पाहा. फ्लायव्हीलचा बोल्ट आखूड असतो. त्याच्या डोक्याखालचा दाबला जाणारा भाग १० मिमी जाडीचा असेल, तर एवढ्या ताणाने बोल्ट लांबतो तो केवळ ०.०३ मिमी. फ्लँजवर राहिलेला गंज, रंगाचा पापुद्रा किंवा छिद्राच्या काठावर उभी राहिलेली धातूची बारीक कुस नंतर ०.०१ मिमी जरी दबली, तरी ताणाचा सुमारे तिसरा हिस्सा गेला. बोल्ट 'सैल झाला' म्हणून आपण त्याला दोष देतो. तो बहुधा फिरलेला नसतोच, त्याखालची जागा बसलेली असते. म्हणून फ्लँज साफ करण्यात गेलेली दहा मिनिटे मला महागड्या बोल्टापेक्षा मोलाची वाटतात.

प्रतीविषयीही असाच गैरसमज आहे. डोक्यावर १२.९ लिहिलेला बोल्ट आणायचा आणि जुन्याच टॉर्कवर (आवळण्याच्या पिळावर) आवळायचा, याने दाब वाढत नाही, कारण ठरावीक टॉर्कला किती दाब मिळेल हे घर्षण आणि आट्यांची मापे ठरवतात, पोलादाची प्रत नव्हे. वाढते ती केवळ ताण सहन करण्याची मर्यादा. ती वापरायची तर टॉर्क वाढवावा लागतो, आणि तो वाढवल्यावर ॲल्युमिनियमच्या फ्लायव्हीलमध्ये डोक्याखाली कडक पोलादी वॉशर किंवा पोलादी बैठक नसेल, तर डोके धातूत रुतते.

आवळताना लावलेल्या टॉर्कपैकी साधारण निम्मा डोक्याखालच्या घर्षणात आणि सुमारे ४० टक्के आट्यांत खर्च होतो. ताणाच्या वाट्याला येतो दहावा भाग. त्यामुळे कोरड्या आट्यांसाठी दिलेला टॉर्क तेल लावलेल्या आट्यांवर वापरला, तर बोल्ट अपेक्षेपेक्षा बराच जास्त ताणला जातो. एआरपीसारख्या कंपन्या आपल्या बोल्टांसाठी ठरावीक वंगण सांगतात ते यासाठी; अशा वेळी इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा बाजूला ठेवून बोल्टाबरोबर आलेला आकडाच पाळावा. मूळ बोल्ट टॉर्क अधिक कोन या पद्धतीचे, म्हणजे आधी ठरावीक टॉर्क आणि मग पाव वळसा वगैरे असे असतील, तर ते सहसा एकदाच वापरायचे असतात. क्रँकमधली छिद्रे काही इंजिनांत थेट आतल्या तेलापर्यंत जातात. तिथे आट्यांना सीलंट लागतेच, नाहीतर तेल क्लचवर येते.

राहिली लांबी. दुहेरी वस्तुमानाच्या (स्प्रिंगांनी जोडलेल्या दोन भागांच्या) फ्लायव्हीलच्या जागी एकसंध फ्लायव्हील बसवताना डोक्याखालची जाडी बदलते आणि मूळ बोल्ट बहुधा चालत नाहीत. लांब बोल्ट आंधळ्या, म्हणजे आरपार नसलेल्या, छिद्राच्या तळाला टेकतो. टॉर्क रेंच ठरलेला टॉर्क लागल्याचे टक् करून सांगते, पण फ्लायव्हील दाबले गेलेलेच नसते. आखूड बोल्टाचे आटे पुरेसे धरत नाहीत. पोलादी क्रँकमध्ये निदान बोल्टाच्या जाडीइतकी पकड हवी. छिद्राची खोली व्हर्नियरने मोजावी, त्यात फ्लायव्हीलची जाडी मिळवावी, वॉशर असल्यास त्याचीही, आणि तळाशी दोन-तीन मिमी मोकळे ठेवून लांबी ठरवावी.

डोक्याची उंची मात्र मी स्वतः एकदा मोजायची विसरलो होतो. नवे बोल्ट बाराकोनी आणि थोडे उंच डोक्याचे होते. सगळे जोडून क्लच दाबल्यावर बारीक खर्र असा आवाज आला. गिअरबॉक्स पुन्हा उतरवला तेव्हा क्लच प्लेटच्या हबने आठही डोक्यांवर चकचकीत चंद्रकोरी कोरलेल्या होत्या. तेव्हापासून प्रेशर प्लेट लावण्याआधी मी क्लच प्लेट हाताने फ्लायव्हीलवर धरून एक पूर्ण फेरा फिरवून पाहतो.