विषाचा पत्ता

(कोल्हापुरातल्या एका व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘समुद्री गोगलगाईचं विष आणि उद्याची औषधं’. मघाशी दारातच एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, “सर, नागाचं समजू शकतो. गोगलगाईला कसलं आलंय विष? आमच्या वाफ्यात चिमूटभर मीठ टाकलं की खलास!” खरं आहे. गोगलगाय नि पोटात पाय, असं आपण म्हणतोच. पण कोनस नावाच्या शंखात जी गोगलगाय राहते ना, तिच्या तोंडात भाला आहे.

हिची शिकार बघण्यासारखी असते. चाल गोगलगाईचीच, म्हणजे माशामागं धावायचा प्रश्नच नाही. वाळूत दबा धरायचा आणि सोंड हळूहळू लांबवायची. सोंडेच्या टोकाला एक पोकळ दात, सुईएवढा बारीक, उलट्या आकड्यांचा. सोंड माशाला टेकली की दात आत आणि दातातून विष. मासा जागच्या जागी ताठ! शेपूट मारायचीही सवड नाही. मग ही बाई तोंड पसरून अख्खा मासा गिळते. दात एकदाच वापरायचा, पुढच्या वेळेला नवा. कोनसच्या सातशेहून जास्त जाती आहेत. बहुतेक समुद्री किडे खातात, काही दुसऱ्या गोगलगाई खातात आणि थोड्या मासे. त्यातल्या कोनस जिओग्राफसनं माणसंही मारलीत. तेव्हा किनाऱ्यावर नक्षीदार जिवंत कोनस दिसला तर हात लावू नका. खिशात तर मुळीच टाकू नका.

आता मूळ मुद्द्याकडं जाण्याआधी माझं एक दुखणं सांगतो. अध्यक्ष हसताहेत, त्यांनी ते आधी ऐकलंय. ऐका पुन्हा.

मी जिथं शिकवलं त्या कॉलेजचं नाव घेत नाही. तिथं प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात शंखांचं एक कपाट होतं. माझ्या आधीच्या मास्तरांनी कोकणात हिंडून जमवलेलं. प्रत्येक शंख स्वतंत्र डबीत आणि डबीत चिठ्ठी. जात कुठली, किनारा कुठला, तारीख, खडकावर सापडला की वाळूत. काळी शाई, मोत्यासारखं अक्षर. एका कोनसच्या चिठ्ठीवर तळाशी लिहिलेलं मला अजून आठवतं: ‘शेजारी किड्यांची बिळे’.

पुढं तपासणी समिती यायची ठरली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगरंगोटी निघाली. जूनमध्ये येऊन बघतो तर कपाट चकाचक! सगळे शंख धुऊन, वर व्हार्निश मारून एका काचेच्या परातीत ओतलेले. मधोमध प्लास्टिकचं कमळ. चिठ्ठ्या कुठायत म्हणून विचारलं, तर उत्तर मिळालं, “पिवळ्या पडल्या होत्या, सर. वाईट दिसत होत्या.” समिती आली आणि त्या परातीपाशी उभं राहून तिनं फोटो काढला. शेरा काय, तर ‘आकर्षक मांडणी’! काय बोलायचं राव? त्या दिवशी मला कोल्हापूरची मिसळ अळणी लागली. पत्ता पुसलेली पाकिटं घेऊन पोस्टमननं करायचं काय?

शंखावरनं आठवलं. रेम्ब्रांट या डच चित्रकारानं 1650 साली एका कोनसचं कोरीव चित्र केलं. छापताना चित्र उलटं होतं, हे धरून त्यानं सही नीट उलटी कोरली, पण शंख समोर दिसला तसाच कोरला. छापल्यावर शंखाचं वळण उलटं! आपल्याकडं उलट्या वळणाच्या शंखाला दक्षिणावर्ती म्हणून केवढे पैसे मोजतात. या गड्यानं तो कागदावर फुकट करून दिला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहाच मिनिटं उरलीत म्हणे. बरं.

तर बिळांची ती ओळ का महत्त्वाची? तो कोनस किडे खात असावा, हा माग त्या ओळीत आहे. कोनसचं विष म्हणजे शेकडो पेप्टाइडांचं मिश्रण. पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनांच्या मण्यांची, आखूड साखळी. त्यातली अनेक पेप्टाइडं मज्जातंतूंवरच्या ठरावीक आयन-वाहिन्यांवर, म्हणजे विद्युतभारित कणांची ये-जा होते त्या दारांवर, किंवा ग्राहींवर, म्हणजे रासायनिक निरोप घेणाऱ्या जागांवर, जाऊन बसतात. किडे खाणाऱ्या जातीचं विष वेगळं आणि मासे खाणारीचं वेगळं. इतकंच काय, जिओग्राफसचं शिकारीचं विष आणि बचावाचं विषही वेगळं, विषनलिकेच्या वेगवेगळ्या भागांत बनणारं, हे 2014 मध्ये दिसून आलं. म्हणून जात, खाणं आणि ठिकाण माहीत नसेल तर औषध शोधायला सुरुवात कुठून करणार?

हा शोध ज्यांनी घेतला ते बाल्डोमेरो ऑलिव्हेरा हे फिलिपिन्सचे जीवरसायनशास्त्रज्ञ. अमेरिकेत डीएनएवर काम करून मायदेशी परतले तर तिथं उपकरणं नाहीत. लहानपणी शंख गोळा करायचे, त्यातल्या कोनसचंच विष त्यांनी हाती घेतलं. पुढं युटा विद्यापीठात क्रेग क्लार्क या विद्यार्थ्यानं विषाचे घटक सुटे करून थेट उंदरांच्या मेंदूत टोचले. एकानं उंदीर थरथरायला लागले. दुसऱ्यानं पिल्लं झोपली आणि मोठे उंदीर उधळले. मायकेल मॅकिन्टॉश या पोरानं कोनस मॅगस या जातीमधून ‘थरथर’वालं पेप्टाइड शुद्ध केलं. 25 अमिनो आम्लं. मज्जारज्जूत वेदनेचा निरोप पुढं नेणाऱ्या कॅल्शियम वाहिन्या ते बंद करतं. त्याचंच कृत्रिम रूप म्हणजे झिकोनोटाइड हे वेदनाशामक औषध, अमेरिकेत डिसेंबर 2004 मध्ये मंजूर झालेलं. मॉर्फिनसारखी सवय लागत नाही. पण पंपानं थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडावं लागतं, आणि भ्रम, गोंधळ हे त्रास होतात. म्हणून वापर मोजकाच.

आपल्याकडंही टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे के. एस. कृष्णन आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेचे पी. बलराम यांनी भारतीय कोनसच्या पेप्टाइडांवर काम केलंय. त्यावर खरं तर अर्धा तास हवा होता, पण घड्याळ दाखवताहेत.

शेवटचं. जिओग्राफस माशांना गुंगवायला चक्क इन्सुलिन वापरतो, हे 2015 मध्ये उघड झालं. माशाची साखर उतरते आणि तो जागीच सुस्तावतो. आपल्या इन्सुलिनचे रेणू सहा-सहाच्या गठ्ठ्यात राहतात, ते सुटे व्हायला वेळ लागतो. गोगलगाईचं मुळातच सुटं, आणि माणसाच्या इन्सुलिन-ग्राहीवरही चालतं. त्या रचनेवरनं झटपट लागू पडणारं इन्सुलिन घडवायची खटपट चालू आहे. बाजारात काही आलेलं नाही. तेव्हा पहिल्या रांगेतल्या काकांनी खाली चहाबरोबर ठेवलेल्या जिलबीला गोगलगाईच्या भरवशावर हात घालू नये.