नायजर १६, नेपाळ २१: अपूर्ण गरजेचा आकडा वाचताना

पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमध्ये २०१२च्या सर्वेक्षणात विवाहित स्त्रियांमधली गर्भनिरोधनाची अपूर्ण गरज निघाली १६ टक्के. नेपाळमध्ये २०२२ साली २१ टक्के. एवढंच पाहिलं तर नायजरचं बरं चाललंय असं वाटेल. तसं अजिबात नाही.

हा आकडा निघतो कसा ते बघा. 'तुम्हाला गर्भनिरोधक हवंय का?' असं सर्वेक्षणात कुणी थेट विचारून हा आकडा काढत नाही. १५ ते ४९ वयाच्या बाईला विचारतात, सध्या काही वापरता का, पुढचं मूल हवंय का, हवं तर कधी? मूल नको किंवा निदान दोन वर्षं तरी नको, दिवस राहू शकतात आणि तरी काहीच वापरत नाही, अशी बाई अपूर्ण गरजेत मोजली जाते. गरोदर बाईला विचारतात की हे मूल तेव्हा हवं होतं का. 'नंतर हवं होतं' किंवा 'नकोच होतं' म्हणाली, तर तीही त्यात. बाळंतपणानंतर दोन वर्षांच्या आत जिची पाळी परत आलेली नाही, तिचाही हिशेब तसाच, त्या बाळंतपणापुरता.

म्हणजे जिला लवकर मूल हवंय ती या मोजणीत येतच नाही. नायजरच्या बायकांनी सांगितलेली आदर्श मुलांची संख्या सरासरी नऊच्या वर होती. साधन वापरणाऱ्या १४ टक्के, अपूर्ण गरज १६, म्हणजे एकूण मागणीच ३०. त्यातल्या आधुनिक साधनांवर (गोळ्या, इंजेक्शन, कंडोम वगैरे) फक्त १२. १२ला ३०ने भागलं तर ४० टक्के, म्हणजे मागणीतली तेवढीच आधुनिक साधनांनी भागते. नेपाळचं गणित ५७ अधिक २१, म्हणजे ७८. आधुनिक साधनांवर ४३. भागाकार ५५ टक्के. माझ्या मते देशांची तुलना करायची तर या भागाकारानेच करावी. संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांतही तोच धरला आहे. नेपाळच्या ५७मधल्या उरलेल्या १४ टक्के पारंपरिक उपायांवर आहेत, त्यातही बहुतेक जणी नवऱ्याने वेळीच बाजूला होण्यावर. तो उपाय हुकण्याचं प्रमाण मोठं, पण अपूर्ण गरजेच्या मोजणीत त्या 'गरज भागलेल्या'.

आता न वापरण्याची कारणं. 'साधन मिळत नाही' असं सांगणाऱ्या बायका बहुतेक देशांत थोड्याच असतात. त्रासाची भीती, क्वचित संबंध आणि 'अजून अंगावर पाजतेय' ही उत्तरं कितीतरी जास्त येतात. या शेवटच्या उत्तरात खरा धोका आहे. स्तनपानाचं संरक्षण तीन अटी एकत्र पाळल्या तरच धरावं: बाळ सहा महिन्यांच्या आतलं, फक्त अंगावरचं दूध, आणि पाळी आलेली नाही. एक अट सुटली की साधन सुरू करायला हवं. पहिल्या पाळीची वाट पाहून चालत नाही, कारण स्त्रीबीज त्याआधीच सुटू शकतं.

भीतीचं म्हणाल, तर तीन महिन्यांच्या इंजेक्शनने सुरुवातीला अवेळी अंगावरून रक्त जातं आणि पुढे पाळी थांबू शकते. हे आधी सांगितलं नसेल तर दुसऱ्या इंजेक्शनला बाई येत नाही.

क्वचित संबंधांचं उदाहरण पुन्हा नेपाळचं. नवरा परदेशी कामाला, म्हणून घरी काहीच साधन नाही. तो रजेवर येतो तेव्हा तयारी नसते. मिश्र संप्रेरकांच्या (दोन हार्मोन असलेल्या) गर्भनिरोधक गोळ्या पाळीच्या पहिल्या पाच दिवसांनंतर सुरू केल्या, तर पहिले सात दिवस कंडोम लागतोच. त्यामुळे त्याची यायची तारीख कळली की निदान आठवडाभर आधी गोळ्या सुरू कराव्यात, आणि तेवढा वेळ नसेल तर कंडोम घरात आणून ठेवावेत.