पायांनी भरायचं तिकीट

नमस्कार श्रोतेहो.

हल्ली मोठ्या कार्यक्रमाचं तिकीट काढायला घेतलं की पडद्यावर स्टेडियमचा रंगीत नकाशा उघडतो. भोवती पायऱ्यापायऱ्यांच्या बसायच्या जागा आणि मधलं मैदान मोकळं. त्या मोकळ्या मैदानावर लिहिलेलं असतं, 'स्टँडिंग'. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचे तीन कार्यक्रम झाले. तेव्हा बसायचं सगळ्यांत स्वस्त तिकीट अडीच हजारांचं होतं आणि मैदानात उभं राहायचं ६,४५० रुपयांचं. आमच्या घरी हा हिशेब मोठ्याने वाचला गेला तेव्हा यजमान म्हणाले, "बसायचे पैसे समजू शकतो. उभं राहायचे कसले? आपण लोकलमध्ये तीस वर्षं उभेच होतो की!"

मला मात्र त्या दराचं नवल वाटलं नाही. मी दोन्हीकडचं गाणं ऐकत मोठी झाले. घरात ख्याल आणि नाट्यसंगीत, आणि कॉलेज धोबीतलावला, त्यामुळे रंगभवन हाकेच्या अंतरावर. उघड्यावरचं ते नाट्यगृह म्हणजे ऐंशीच्या दशकात मुंबईतल्या रॉकचं माहेरघर. १९८६ मध्ये सुरू झालेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक महोत्सव तिथेच गाजला. आजूबाजूला रुग्णालयं असल्यामुळे पुढे तो भाग शांतता क्षेत्रात धरला गेला आणि तिथले ध्वनिवर्धक थांबले. रंगभवनात आम्ही कधी बसलो असू असं मला आठवत नाही. डिसेंबरात मात्र हीच मंडळी पुण्याला सवाई गंधर्व महोत्सवाला जायची आणि सतरंजीवर मांडी घालून रात्र काढायची. दोन्हीकडे खिसा रिकामाच होता. जे काही भरलं ते पायांनी भरलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कलाकाराजवळची जागा कुठेच फुकट मिळत नाही. थोडी पैशात मोजायची, थोडी अंगावर काढायची. तरुणपणी पैसे नसतात, पण अंग दणकट असतं. वय वाढलं की उलटं होतं, आणि कुठल्या गाण्यासाठी कुठलं नाणं काढायचं हे नव्याने ठरवावं लागतं.

लंडनच्या 'प्रॉम्स'चंच, म्हणजे पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताच्या तिथल्या मैफलींचंच पाहा. १८९५ साली हे कार्यक्रम क्वीन्स हॉलमध्ये सुरू झाले. १९४१ मध्ये बॉम्बहल्ल्यात तो हॉल गेला आणि प्रॉम्स रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये आले. तिथे रंगमंचासमोरच्या गोल जागेत खुर्च्याच नसतात. लोक उभे राहून सिंफनी ऐकतात, आणि हे उभं राहायचं तिकीट सगळ्यांत स्वस्त असतं. वाद्यवृंद तुमच्या नाकासमोर आणि पैसे सगळ्यांत कमी. बाकीची किंमत पोटऱ्या भरतात. अगदी वर, छताजवळच्या गॅलरीतही उभ्याचीच तिकिटं असतात. तिथे काही जण चक्क जमिनीवर आडवे होऊन ऐकतात. मला ही मंडळी हुशार वाटतात. वाद्यवृंद दिसलाच पाहिजे असा हट्ट सोडला की किती जागा मोकळ्या होतात!

म्हणजे लंडनमध्ये उभं राहणं स्वस्त आणि नवी मुंबईत महाग. यात विसंगती काही नाही. रॉकचा श्रोता गर्दीत मिसळायचे पैसे मोजतो. शिवाय खुर्च्या काढल्या की तेवढ्याच जमिनीवर जास्त माणसं मावतात, हे आयोजकाला आपल्याआधी कळलेलं असतं.

आता आपल्या बैठकीकडे येऊ. भीमसेन जोशींनी आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये पुण्यात हा महोत्सव सुरू केला. कितीतरी वर्षं तो रमणबागेच्या मैदानावर भरायचा. २०१८ पासून तो मुकुंदनगरला गेला. तिथे खुर्च्या वेगळ्या, भारतीय बैठक वेगळी, आणि दरही वेगळे. बैठकीचं तिकीट अजूनही सामान्य माणसाला परवडेल असं असतं. आपल्याकडे एक समजूत आहे, की उभं राहणं तेवढं अवघड आणि मांडी घालणं म्हणजे आराम. ज्याने विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकतालातला अख्खा ख्याल एका मांडीवर ऐकलाय, त्याला विचारा.

पहिली दहा मिनिटं माणूस ताठ असतो. मग उजवी मांडी खाली, डावी वर. मग एक गुडघा उभा करून त्याभोवती हातांची मिठी. मग दोन्ही पाय एका बाजूला. आणि मग तो नाजूक क्षण येतो, जेव्हा पाय पुढे लांब करायचे असतात, पण समोरच्या काकूंच्या पाठीला तळवे लागतील म्हणून धीर होत नाही. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, अगदी कातडीखालून, एक नस जाते. मांडी फार वेळ राहिली की तिच्यावर दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात. तेवढ्यात गवयाने समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, असं काही टाकलेलं असतं, की सगळा मांडव 'वा' म्हणतो, आणि आपण मात्र अंगठा हलतोय की नाही ते बघत असतो. मध्यंतरात उठायचं तर आधी चार पायांवर यायचं, मग शेजारच्याचा खांदा धरायचा. खांद्याचा मालकही सवयीचा असतो, तो न विचारता खांदा पुढे करतो. मांडवाच्या खांबाजवळची जागा पटकवायला लोक लवकर येतात ते उगाच नाही. पाठ टेकायला मिळाली की श्रोत्याचं आयुष्य निदान दोन कलाकारांनी वाढतं.

पूर्वी सवाई रात्र रात्र चालायचा. ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा आल्यापासून मैफली दुपारीच सुरू होतात, आणि परवानगी मिळालेल्या दिवशी बारापर्यंत जातात. याचं दुःख करणारे पुष्कळ भेटतात, आणि त्यांचं खरंही आहे. पहाटेचा ललित राग अशा मांडवात आता ऐकायला मिळत नाही. पण मी दबक्या आवाजात सांगते, माझ्या कमरेने या नियमाचं स्वागत केलं. शिवाय दुपारच्या सत्रात भीमपलास, मुलतानी असे राग त्यांच्या वेळेवर ऐकायला मिळतात. रात्री सुरू होणाऱ्या मैफलीत त्यांची वेळ कधीच टळून गेलेली असायची.

उभं राहण्याचंही एक शास्त्र आहे, आणि ते ऐकून तुम्हाला हसू येईल. पायांतलं रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू पंपासारखे मदत करतात. ते हलले, आवळले, सैल झाले, तरच पंप चालतो. स्तब्ध उभं राहिलं की रक्त पायांत साचतं, डोक्याकडे कमी जातं, डोळ्यांपुढे अंधारी येते. कवायतीत धडधाकट जवान कोसळतो तो याचमुळे. वय झालं, त्यात रक्तदाबाची गोळी चालू असली, की शरीराला हे सावरून घ्यायला जास्त वेळ लागतो. म्हणजे रॉकच्या गर्दीत लाजून, हाताची घडी घालून, खांबासारखी उभी राहणारी ज्येष्ठ मंडळी सगळ्यांत आधी दमतात. जो ठेका धरून डुलतो, टाचा उचलतो, तो जास्त टिकतो. तेव्हा नाचा. लोक बघत नसतात, ते फोनमधून बघत असतात.

दमण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे गर्दीचा रेटा. ३ डिसेंबर १९७९ ला अमेरिकेत सिनसिनाटीला 'द हू' या रॉक बँडचा कार्यक्रम होता. बहुतेक तिकिटांवर जागेचा क्रमांक नव्हता, जो आधी आत पोचेल त्याला पुढची जागा. दारात रेटारेटी झाली आणि ११ जण गुदमरून गेले. ती सगळी तरुण मंडळी होती. त्यानंतर त्या शहराने अशा बिनक्रमांकाच्या तिकिटांवर घातलेली बंदी थेट २००४ पर्यंत टिकली. म्हणून दार उघडताना होणाऱ्या धावाधावीत आपण नसावं, आणि रंगमंचाला लागून असलेल्या कठड्यापाशी तर मुळीच नसावं. तिथून मधेच बाहेर पडता येत नाही, पाणी मिळत नाही, आणि आपल्या वयात दोन तासांनी कुठे जावंसं वाटतं ते मी रेडिओवरून सांगायला नको.

मग उभं कुठे राहायचं? मैदानाच्या मध्याच्या आसपास ध्वनिसंयोजकाचं टेबल असतं, भोवती लोखंडी कठडा असतो. कार्यक्रमाचा आवाज तो माणूस आपल्या कानांनी जुळवतो, म्हणजे त्याच्या जवळपास तो सगळ्यांत नीट ऐकू येणार. आणि तो कठडा टेकायला मिळतो! माझ्या भाचीने मला नवी मुंबईला त्या कोल्डप्लेला नेलं, तेव्हा मी थेट तिथे जाऊन ठाण मांडलं. ती पुढे जायला अधीर झाली होती. "मावशी, इथून तो गायक मुंगीएवढा दिसतो," ती म्हणाली. मी म्हटलं, "तू जा पुढे, मला तो ऐकायचाय." ती गेली, आणि तिसऱ्या गाण्याला घामाघूम होऊन परत माझ्या कठड्याशी आली.

गंमत अशी, की खुद्द कलाकारही बसू लागले आहेत. अमेरिकेचे ब्लूज गायक बी. बी. किंग उतारवयात खुर्चीत बसूनच गिटार वाजवायचे आणि त्यांच्या ब्लूजला ते शोभायचंही. इंग्लंडचे पॉप गायक फिल कॉलिन्स पाठीच्या दुखण्यानंतर, २०१७ पासूनच्या दौऱ्यांत, खुर्चीत बसून गायले. हेवी मेटलचे गायक ऑझी ऑझबर्न जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला आपल्या गावकऱ्यांसमोर शेवटचं गायले ते सिंहासनावर बसून. दुसरीकडे रोलिंग स्टोन्स या रॉक बँडचे गायक मिक जॅगर आहेत. २००३ मध्ये हा बँड मुंबईत ब्रेबोर्न स्टेडियमवर आला तेव्हा जॅगर साठीला टेकलेले होते. २०२४ मध्ये, वयाच्या ऐंशीनंतरही, त्यांनी अमेरिकेचा दौरा पळत पळत केला. त्या दौऱ्याची प्रायोजक होती पन्नाशीपुढच्यांसाठी काम करणारी तिथली एक संस्था! आपल्या ख्यालगायकांना हा प्रश्न आला नाही, ते आधीपासूनच बसलेले. कीर्तनकाराची गोष्ट वेगळी. तो उभा, टाळकरी उभे, आणि श्रोते बसलेले. मला ही व्यवस्था फार न्यायाची वाटते.

आता भांडणाचा मुद्दा. पायऱ्यांवर बसायचं तिकीट काढलं, गुडघ्यांचा विचार करून काढलं, आणि पहिल्याच गाण्याला पुढची रांग उठली. तिच्यामुळे दुसरी, तिसरी, असं होत होत आपल्यापर्यंत येतं. बसलात तर समोर फक्त पाठी. मागच्याने "बसा हो" म्हटलं की पुढचा म्हणतो, "कॉन्सर्टला आलाय की प्रवचनाला?" मला दोघांचंही पटतं. तरी निवाडा करायचाच तर मी बसणाऱ्याच्या बाजूने करीन. उभं राहणाऱ्यासाठी अख्खं मैदान मोकळं ठेवलेलं होतं, बसणाऱ्याला दुसरीकडे कुठे जाता येणार? ओळखीचं गाणं आलं आणि सगळे उठले, तर मीही उठते. सबंध अडीच तास मात्र नाही. भांडण टाळायचं असेल तर वरच्या मजल्यावरची पहिली रांग बघा. पुढे फक्त कठडा असतो, उठून आडवं येणारं कोणी नसतं. लांब वाटेल, पण मैदानभर पसरलेले दिवे तिथून जसे दिसतात तसे खालून दिसत नाहीत.

ख्यालाला मी हल्ली खुर्चीच घेते. ख्याल खुर्चीवरून कमी ऐकू येत नाही. एक बारीक गोष्ट मात्र जाते. सतरंजीवर शेजारच्याचा गुडघा आपल्या गुडघ्याला लागलेला असतो, आणि सम आली की दोन्ही एकदम हलतात. खुर्च्यांना हात असतात, त्यामुळे ते होत नाही. अनोळखी माणसाला "काय तान घेतली हो!" म्हणायला खुर्चीवर थोडं संकोचायला होतं. म्हणून पहिल्या दिवशी दुपारचा एखादा तरुण कलाकार मी अजूनही खाली बसून ऐकते आणि मग वर खुर्चीत जाते. ज्यांचे गुडघे बदललेले आहेत त्यांनी हा उद्योग करू नये, डॉक्टर सहसा मांडीला नाहीच म्हणतात. आणि खुर्चीवाल्यांनी एक पाळावं. खाली बसलेल्यांच्या मधे प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवू नये. बाजूला ठेवावी. मागच्या दहा जणांना तुमची पाठ बघायची हौस नसते.

शेवटची सूचना बाहेर पडण्याची. कार्यक्रम संपल्याबरोबर उठू नका. चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, आणि स्टेडियमच्या पायऱ्यांची उंची कोणी आपल्याला विचारून ठेवलेली नसते. पंधरा मिनिटं जागेवर बसून पाणी प्या, पोटऱ्या चोळा, फोटो पाठवा. तोवर गर्दी ओसरते, कठडा धरायला रिकामा मिळतो. स्टेडियमजवळच्या नेरूळ स्टेशनवरची पहिली लोकल चुकेल, चुकू द्या. मागून येणारीत बसायला जागा असते.

नमस्कार.